लंडनहून मुंबईत परत येताय? डॉक्टर-मेडिक्लेमचं आधी बघा

तिकडे एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, आधी जीपी (फॅमिली डॉक्टर), त्याने पुढे पाठवलं तरच स्पेशालिस्ट आणि मग बसा महिनोन्महिने वाट बघत, पण बिल शून्य. इकडे सगळं उलटं, दादरला सकाळी फोन केला की संध्याकाळी हाडांचा डॉक्टर भेटतो, खिसा मात्र आपला.

म्हणून निघायच्या आधी जीपीकडून सगळे रेकॉर्ड मागून घ्या, फुकट मिळतात. इथे फाईल आपणच सांभाळायची, पिशवीत घालून फिरायचंही आपणच.

मग मेडिक्लेम. कंपनीचा असला तरी स्वतःचा वेगळा काढाच, नोकरी सुटली की कंपनीचा गेला. नवीन पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी आजारांना कव्हर नसतं, आणि बीपी-शुगर आधीपासून असेल तर ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, पण लपवू नका हां, क्लेमच्या वेळी बरोब्बर सापडतं. रूम रेंटची लिमिट, म्हणजे खोलीच्या भाड्यापोटी पॉलिसी किती देते, ते पण वाचा. कॅशलेस म्हणजे लगेच सुटका असं समजू नका, सासूबाईंना सकाळी ११ ला डिस्चार्ज सांगितला आणि टीपीएचं (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) अप्रूव्हल आलं संध्याकाळी साडेसातला, तोवर आम्ही बॅगा भरून बेडवर बसलेलो, चहावर चहा.

घरात कोणी सत्तरी ओलांडलेलं असेल तर सरकारी योजनेचं आयुष्मान कार्ड काढा, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे.

आणि परळच्या केईएमला, महापालिकेच्या हॉस्पिटलला, नाकं मुरडू नका, डॉक्टर एक नंबर आहेत, फक्त केसपेपरच्या लायनीत सकाळी लवकर जाऊन उभं राहायचं, सोबत पाण्याची बाटली न्या.