शेगडी, साय आणि शिळी पोळी: रोजच्या काटकसरीची नेमकी मापं

काटकसर करायची ठरली की बहुतेक घरांत आधी वाण्याच्या यादीवर काट पडते. पण यादी महिन्यातून एकदा होते. शेगडी दिवसातून चारदा पेटते, दूध रोज येतं, पोळ्या रोज दोन-तीन उरतात. सुरुवात तिथून करावी. खालची मापं चार माणसांच्या, लिटरभर दूध लागणाऱ्या आणि दोन्ही वेळा स्वयंपाक होणाऱ्या घराला धरून दिली आहेत. आपापल्या घराप्रमाणे कमी-जास्त करा.

गॅस

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. सिलिंडर दारात आला की वजन करून मागा. टाकीचं वजन अधिक १४.२ एवढा आकडा आला पाहिजे. नवीन सिलिंडर लावला की त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. आपण करतोय त्याचा उपयोग होतोय की नाही, हे दोन-तीन सिलिंडरच्या खुणा पाहूनच कळतं. मधेच किती गॅस उरलाय ते पाहायचं तर ओल्या फडक्याने सिलिंडर वरून खालपर्यंत पुसा. रिकामा भाग लवकर वाळतो, आत द्रवरूप गॅस असलेला भाग ओलसर राहतो आणि मधली रेघ स्पष्ट दिसते.

कुकरच्या शिट्ट्या मोजण्याची सवय सर्वांत महाग पडते. दाब पूर्ण झाला की आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं आणि आच कितीही मोठी ठेवली तरी त्याच्या वर जात नाही. जास्तीची उष्णता शिट्टीवाटे स्वयंपाकघरात जाते, इतकंच. म्हणून पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्या आणि लगेच आच अगदी बारीक करा. तिथून पुढे घड्याळ पाहा. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ खालच्या डब्यात आणि भात वरच्या डब्यात असेल तर ८ ते १० मिनिटं पुरतात. रात्रभर भिजवलेले छोले किंवा राजमा २० ते २५ मिनिटं घेतात. गॅस बंद केल्यावर झाकण उघडायची घाई करू नका, वाफ जिरेपर्यंत अन्न शिजतच असतं. कुकरच्या तळाशी दोन वाट्या पाणी हवंच. ते कमी पडलं तर कुकर कोरडा तापतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो.

एवढं करूनही डाळ कडक राहिली तर कारण तीनपैकी एक असतं: डाळ जुनी आहे, पाणी जड आहे, किंवा चिंच, कोकम, टोमॅटो आधीच घातलाय. आंबट पदार्थ डाळ घोटून झाल्यावरच घाला. झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत असेल तर रबरी रिंग सैल झाली आहे. ती थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवली की आवळते, पण हा एका दिवसाचा इलाज आहे. नवी आणा.

ज्योत निळी हवी. पिवळी ज्योत भांड्याची बुडं काळी करते आणि गॅसही खाते. बर्नर थंड झाल्यावर काढून गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास बुडवा, छिद्रं टाचणीने मोकळी करा आणि पूर्ण वाळवूनच परत बसवा. ओला बर्नर फडफडतो. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर गेली की ती हवाच तापवते. चहाच्या छोट्या पातेल्याला छोटाच बर्नर. चहाचं पाणी कपाने मोजून घ्या. दूध आणि भिजवलेली कणीक वापरायच्या अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढा.

सायीचं तूप

हे प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण घरच्या तुपात पैसे वाचतात तसे वायाही जातात. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात ३ टक्के. म्हणजे लिटरभर फुल क्रीममध्ये साधारण ६० ग्रॅम. त्यातला काही भाग सायीत येतो, उरलेला दुधातच राहतो. नुसत्या तुपासाठी महागडं दूध घेण्यात अर्थ नाही. घरात मुलांसाठी फुल क्रीम किंवा म्हशीचं दूध येतच असेल, तरच साय हा फायदा. पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलं असेल तर साय पातळच धरणार, त्यात तुमचा दोष नाही.

दूध उकळी आल्यावर मंद आचेवर पाचेक मिनिटं ठेवा. जाळीचं झाकण घालून खोलीतच निवू द्या. घट्ट झाकण घातलं तर वाफेचं पाणी सायीवर पडतं. मग सहा-आठ तास फ्रीजमध्ये. साय जाड होऊन अखंड निघते. ती झाकणाच्या स्टीलच्या डब्यात साठवा आणि पहिल्याच दिवशी त्यात चमचाभर दही घाला. विरजण नसलेली साय चार-पाच दिवसांत कडवट होते. विरजलेली साय फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस टिकते. त्याहून जास्त दिवस साठवायची तर डबा फ्रीझरमध्ये ठेवा आणि घुसळायच्या आदल्या रात्री खाली काढा.

घुसळायच्या आधी डबा तीन-चार तास बाहेर ठेवा. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात निम्म्यापर्यंत साय, वर वाटीभर पाणी, आणि थांबून थांबून फिरवा. उन्हाळ्यात पाणी बर्फाचं, थंडीत कोमट. लोणी न येण्याची जवळजवळ सगळी कारणं तापमानात आहेत. साय फार गार असेल तर नुसता फेस होतो, लोणी धरत नाही. दोन चमचे कोमट पाणी घालून थोडं थांबा. फार गरम असेल तर लोणी तेलकट होऊन ताकात विरघळल्यासारखं दिसतं. चार-पाच बर्फाचे खडे घातले की गोळा वर येतो. मिक्सर सलग फिरवला तर भांडंच तापतं, म्हणून दहा-पंधरा सेकंदांचे फेरे.

लोण्याचा गोळा गार पाण्यात तीनदा धुवा, पाणी नितळ दिसेपर्यंत. ही पायरी गाळली तर ताक लोण्यात राहतं, बेरी जास्त निघते आणि तुपाला आंबूस वास येतो. लोणी त्याच दिवशी कढवा. जाड बुडाच्या पातेल्यात, आधी मध्यम आचेवर वितळू द्या, फेस आला की आच मंद. सुरुवातीला तडतड आवाज येतो. तो लोण्यातल्या पाण्याचा. आवाज थांबला, फेस बसला, बेरी बदामी झाली आणि तूप तळापर्यंत पारदर्शक दिसलं की गॅस बंद. बुडाची उष्णता पुढेही काम करत राहते, त्यामुळे बेरी तपकिरी होईपर्यंत थांबलात तर तूप करपलंच समजा. कोमट झाल्यावर कोरड्या बरणीत गाळा. बरणीत पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी येते.

ताकाची कढी होते. बेरीत गूळ घालून पोळीबरोबर खातात, किंवा ती नारळाच्या वड्यांत जाते. आणि तूप कढवलेल्या पातेल्यातच कणीक भिजवायची, म्हणजे पातेलं घासायला साबणही कमी लागतो.

उरलेलं आणि टाकायचं

उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा सगळ्यांना येतो, पण तो बरेचदा कोरडा ठणठणीत होतो. पोळ्या हाताने कुस्करा. मिक्सरमध्ये पीठ होतं. सहा पोळ्यांना दोन मध्यम कांदे, तीन चमचे तेल, मोहरी-हिंग-हळदीची फोडणी. कांदा मऊ झाल्यावर कुस्करलेली पोळी घाला, पाव वाटी ताक किंवा पाणी शिंपडा, झाकण ठेवून तीन मिनिटं वाफ काढा. भाकरीला ताक दुप्पट लागतं. पोळ्या जास्त असतील तर तव्यावर मंद आचेवर फडक्याने दाबत कडक करून डब्यात भरा. चहाबरोबर आठवडाभर चालतात, बिस्किटाचा पुडा वाचतो. उरलेलं वरण सैल करून उकळा आणि त्यात पोळीच्या कणकेच्या शंकरपाळ्यांसारख्या चकत्या सोडा. कुठे वरणफळं म्हणतात, कुठे चकोल्या. रात्रीचं जेवण झालं.

भाताचं मात्र वेगळं आहे. शिजलेल्या भातात तग धरणारे जिवाणू असतात आणि उबदार हवेत ते जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. जेवण झालं की उरलेला भात दोन तासांच्या आत पसरट डब्यात फ्रीजमध्ये जायला हवा, आणि दुसऱ्या दिवशी संपायला हवा. ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भाताला फोडणी देऊ नका.

भाजीतलं टाकाऊ म्हणजे पहिला मान दोडक्याच्या शिरांचा. दोडका धुऊन मगच शिरा काढा, नंतर धुतलेल्या शिरा पाणी धरतात आणि चटणी चिवट होते. वाटीभर शिरा बारीक चिरून दोन चमचे तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता, दहा-बारा मिनिटं लागतात. मग दोन चमचे तीळ, दोन चमचे किसलेलं सुकं खोबरं, तिखट, मीठ, चिमूटभर साखर. खोबरं शेवटी, आधी घातलं तर करपतं. दुधीच्या सालीलाही हीच कृती चालते. कोथिंबिरीचे देठ वाटणात, फ्लॉवरचे कोवळे देठ पिठल्यात, मुळ्याचा पाला डाळीच्या पिठात, कलिंगडाचा पांढरा गर किसून थालीपिठात. लिंबाच्या पिळलेल्या साली मीठ लावून तांब्या-पितळेच्या भांड्यांना.

तळणीला लहान, खोलगट कढई घ्या. तेल कमी लागतं, म्हणजे उरतंही कमी. उरलेलं तेल निवल्यावर कपड्याने गाळा, तळाचा काळा गाळ टाका आणि तीन-चार दिवसांत फोडण्यांत संपवा. पुन्हा तळायला नको. आणि उरलेलं तेल बेसिनमध्ये कधीच ओतू नका. नळ्या तुंबल्या की प्लंबरच्या एका फेरीत वाचलेले पैसे जातात.

साठवण

उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची पद्धत मोठ्या कुटुंबाला परवडते. दोन माणसांच्या फ्लॅटमध्ये पन्नास किलो गहू भरला तर निम्मा सोंड्यांसाठी भरला जातो. तीन महिन्यांचं घ्या. कडक उन्हात दोन दिवस पातळ थरात वाळवा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा; कोमट धान्य बंद केलं की आत घाम धरतो आणि तिथूनच कीड व बुरशी सुरू होते. तूरडाळीला किलोला एक छोटा चमचा एरंडेल हाताने चोळा. रवा, डाळींचं पीठ यांची पिशवी आणल्याबरोबर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवली तर आतली अंडी मरतात. नवा माल जुन्यावर ओतू नका.

वीज आणि पाणी

हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. जुना छताचा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. बारा तास चालणाऱ्या पंख्यात महिन्याला साधारण १६ युनिट वाचतात. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, आणि वाचलेली युनिटं नेहमी वरच्या, महाग टप्प्यातून वजा होतात. म्हणून हिशेब बिलाच्या सरासरीने करू नका; शेवटच्या टप्प्याचा दर धरा. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही, आधी हॉल आणि झोपायच्या खोलीतला. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास म्हणजे एक युनिट; घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी पाठोपाठ उरकल्या की पाणी पुन्हा तापवावं लागत नाही.

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला कित्येक लिटर पाणी घालवतो. वॉशर काही रुपयांचा असतो. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला, संडासात वापरा. झाडांना घालू नका, त्यातले क्षार कुंडीत साठत जातात. झाडांसाठी डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी.

हात आखडू नये अशा जागा

दुधी, दोडका किंवा काकडी चिरताना एक तुकडा चाखा. कडू लागला तर अख्खी भाजी टाका, रसही काढू नका. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. धान्यात बाजारातल्या विषारी धुरीच्या गोळ्या घालू नका, त्यांचा वायू बंद घरात जीव घेतो. शेगडीची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला, दिसायला चांगली असली तरी. नळीवर मुदत छापलेली असते.