एड्रियाटिक समुद्रात दोघंच बोटीने फिरणार असाल तर आधी हे बघा

क्रोएशिया, मॉन्टेनेग्रो, अल्बेनिया करत ग्रीसपर्यंत किनाऱ्याने जायचा प्लॅन असेल ना, तर वाऱ्याइतकंच लक्ष कागदांकडे द्या. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपियन देशांच्या गटात) आहे, ग्रीस आधीपासूनच, पण मधले दोन देश शेंगेनच्या बाहेर, म्हणजे भारतीय पासपोर्ट असेल तर मल्टिपल एंट्री व्हिसाच हवा, सिंगलवर एकदा बाहेर पडलात की ग्रीसच्या कोर्फू बेटावर परत आत घेणार नाहीत. बोटीवर झोपलात तरी शेंगेनमध्ये १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचा नियम लागतोच, बाहेरच्या देशांतले दिवस मात्र त्यात धरत नाहीत.

क्रोएशिया सोडताना त्सावतात किंवा दुब्रॉवनिक बंदरात देश सोडल्याची नोंद (एक्झिट) करून घ्या आणि मग थेट निघा, वाटेत एखादी छान खाडी दिसली म्हणून नांगर टाकायचा नाही. मॉन्टेनेग्रोच्या पाण्यात शिरलात की उजव्या बाजूला पिवळा क्यू झेंडा (अजून प्रवेशाची तपासणी व्हायची आहे अशी खूण) चढवायचा, आधी झेलेनिकासारख्या पोर्ट ऑफ एंट्रीला, म्हणजे देशात प्रवेशाची नोंद होते त्या बंदरालाच जायचं, स्किपरने (बोटीच्या प्रमुखाने) पासपोर्ट, बोटीचे पेपर, इन्शुरन्स, क्रू लिस्टच्या (बोटीवरच्या माणसांच्या यादीच्या) चार-पाच प्रिंट घेऊन ऑफिसात जायचं, दुसऱ्याने बोटीवरच थांबायचं. क्लिअरन्स झाला की पिवळा उतरवून त्या देशाचा झेंडा.

आणि प्लीज, व्हीएचएफ रेडिओ आणि इंजिन दोघांनाही चालवता आलं पाहिजे. बोरा नावाचा जोरदार वारा डोंगरावरून अचानक सुटतो, त्यात स्किपरच आजारी पडला तर रेडिओच्या चॅनल १६ वर (मदत मागायच्या चॅनलवर) दुसऱ्यालाच बोलायचंय.