मुलांना नदीवर, जंगलात नेताय? या चुका टाळा

मुलं लक्ष देत नाहीत, दंगा करतात, तासाभरात कंटाळतात आणि परत आल्यावर वहीत 'खूप मजा आली' यापलीकडे काही नसतं. नदीवरच्या किंवा जंगलातल्या अभ्याससहलीबद्दल ही तक्रार नेहमीची. दोष बहुधा मुलांचा नसतो. पाण्याची खोली, चालण्याचा वेग, झाडाचा घेर घ्यायची उंची, गप्प बसायची मुदत, सगळं मोठ्यांच्या अंगाने ठरवलेलं असतं आणि ते माप मुलांना बसत नाही. खालच्या बऱ्याच चुकांचं मूळ इथेच आहे. उरलेल्या निव्वळ घाईच्या.

जागा आधी न पाहणं

सहलीच्या आधीच्या आठवड्यात, ज्या वेळी मुलं तिथे असणार त्याच वेळी, निदान दोघांनी ती जागा चालून यावी. सकाळी सावलीत असलेला काठ दुपारी तापलेला असतो. पाण्यात उतरायची वाट कुठे, गाडी कुठपर्यंत येते, फोनला रेंज कुठे मिळते, डोक्यावर वाळलेल्या फांद्या किंवा मधमाश्यांची पोळी आहेत का, हे कागदावर टिपून ठेवा. पोळं असेल तर जागाच बदला. 'मुलांना सांगू, गप्प राहा' हा त्यावरचा उपाय नाही.

वाटेचा वेळ काढताना सर्वांत जास्त फसगत होते. मोठ्या माणसाला १५ मिनिटं लागणारी पायवाट मुलांच्या रांगेला सहज पाऊण तास घेते, कारण प्रत्येक कोळ्याच्या जाळ्यापाशी रांग थांबते. आणि थांबायलाच तर आणलंय त्यांना. म्हणून अंतर कमी करा, ठिकाणं कमी करा. चाळीस मुलांचा एकच घोळका करून सगळ्यांना एकच गोष्ट दाखवू नका, मागच्या तिसाव्या मुलाला फक्त पुढच्याची पाठ दिसते. तीन गट, तीन कामं, प्रत्येकी २५ मिनिटं, मग अदलाबदल. पाण्याजवळच्या कामात दर सहा मुलांमागे एक मोठा माणूस हवाच. रांगेच्या पुढे एक आणि शेवटी एक मोठा, आणि दर ठिकाण सोडताना डोकी मोजायची. गाडीत बसल्यावर मोजून उपयोग नसतो.

पाण्यात उतरताना

खोलीचा नियम सोपा ठेवा: गटातल्या सर्वांत बुटक्या मुलाच्या गुडघ्याच्या खाली. शिक्षकाच्या पोटरीला लागणारं पाणी दहा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याला लागतं, आणि वाहत्या पाण्याचा जोर गुडघ्याच्या वर पटकन वाढतो. उतरण्याआधी १० मीटर अंतर मोजून एक काटकी सोडा. ती २० सेकंदांच्या आत पार झाली तर मुलांनी काठावरूनच काम करावं. तळ दिसत नसेल, तरीही काठावरूनच.

पायात चप्पल नको, अनवाणी तर मुळीच नको. जुने, घट्ट बांधलेले बूट उत्तम. गमबूट सगळ्यांना सुरक्षित वाटतात, पण पाणी वरून आत शिरलं की तोच बूट पाय जखडून ठेवतो. पाण्यात काम चालू असताना एक मोठा माणूस प्रवाहाच्या खालच्या अंगाला, रिकाम्या हातांनी उभा हवा. त्याने फोटो काढायचे नाहीत, नोंदी घ्यायच्या नाहीत. पाय घसरलेलं मूल त्याच्याच दिशेने येणार असतं.

इथे आभाळ निरभ्र म्हणून पाणी वाढणार नाही असं समजणं ही गंभीर चूक. पाऊस वर पडतो, लोंढा खाली येतो. वर धरण असेल तर पाणी सोडण्याच्या वेळा आधी विचारून घ्या. पाणी अचानक गढूळ होणं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणं, आवाज बदलणं, यातलं एकही दिसलं की ट्रे, जाळी तिथेच टाकून सगळ्यांनी उंच काठावर जायचं. सामान गोळा करण्यात गेलेली दोन मिनिटं महाग पडू शकतात.

ट्रेमध्ये काहीच सापडत नाही

नदीतले कीटक शोधायचा साधा प्रकार म्हणजे पायाने तळ ढवळून जाळीत पकडणं. तो चुकतो तो बहुतेक वेळा दिशेमुळे. जाळीचं तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला हवं, म्हणजे पाणी तोंडातून शिरून पिशवीतून बाहेर पडेल. ढवळणाऱ्याने जाळीच्या वरच्या अंगाला, हातभर अंतरावर उभं राहायचं. मुलं एकमेकांकडे तोंड करून बोलायच्या नादात नेमकी उलटी उभी राहतात आणि सुटलेले कीटक जाळीला चुकवून निघून जातात. जाळीची भोकं १ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत, नाहीतर लहान अळ्या निसटतात. अर्धा मिलिमीटर चांगली, मात्र ती गाळाने लवकर तुंबते आणि तुंबली की पाणी तोंडातूनच मागे फिरतं.

दुसरं कारण जागा. संथ डोहाच्या मधोमध ढवळून फारसं मिळत नाही. दगडगोट्यांवरून पाणी खळाळत जातं तिथे जा. तिथे पाण्यात हवा मिसळते, गोट्यांच्या खाली आडोसा असतो आणि अडकलेला पाला हेच तिथलं अन्न असतं. डोहात काम करायचंच असेल तर काठच्या वनस्पतींच्या मुळांमधून जाळी फिरवा. अभ्यासकांच्या पद्धतीत ढवळण्याचा वेळ बहुधा ३ मिनिटं असतो, मुलांना ३० सेकंद पुरतात. मोजणी तुलनेसाठी असेल तर प्रत्येक गटाचा वेळ घड्याळाने सारखा ठेवा. आणि सुरुवात नेहमी खालच्या अंगापासून करून वर सरकत जा. वरून सुरू केलं तर आपणच उडवलेला गाळ पुढच्या जागेवर येऊन बसतो.

तिसरं कारण घाई. जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी केल्यावर पहिलं मिनिट फक्त चिखल दिसतो. ट्रेमध्ये २ ते ३ सेंटिमीटर स्वच्छ नदीचंच पाणी घ्या, हलवू नका, दोन मिनिटं थांबा. गाळ बसतो आणि मग 'काडी' चालायला लागते. ती काडी म्हणजे कॅडिसफ्लायची अळी, वाळूचे कण किंवा काटक्या चिकटवून केलेल्या नळीत राहणारी. मुलं तिला कचरा समजून फेकून देतात.

सापडलेलं मरतंय, असंही होतं. थंड, वाहत्या पाण्यातल्या जिवांना उन्हातला उथळ ट्रे फार वेळ सोसत नाही. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: १० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे साडेसात. ट्रे सावलीत ठेवा, पाणी दर दहा मिनिटांनी बदला, अर्ध्या तासात सगळे जीव होते तिथे सोडा. चतुराचं पिल्लू वेगळ्या वाटीत काढा, ते ट्रेमधल्या इतरांना खातं. (मुलांना हे पाहायला आवडतं, पण मग मोजणी विसरा.) जीव उचलायला बोटं नकोत, मऊ ब्रश किंवा प्लॅस्टिकचा चमचा वापरा. आणि उलटा केलेला प्रत्येक दगड पुन्हा सुलटा ठेवायचा. त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेली अंडी उन्हात सुकतात.

ओळख आणि आकडे

मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या दोन कीटकांची पिल्लं पाण्यात वाढतात, त्यांची सरमिसळ हमखास होते. 'शेपट्या मोजा' एवढंच सांगून भागत नाही, कारण मेफ्लायला बहुधा तीन असल्या तरी काहींना दोनच असतात. पायाच्या टोकाशी पाहा: मेफ्लायला एक नखी, स्टोनफ्लायला दोन. पोटाच्या कडेला पानासारखे हलणारे कल्ले दिसले तर मेफ्लाय. लाल अळी दिसली की मुलं तिला रक्तपिपासू ठरवतात. तिचा लाल रंग तिच्या स्वतःच्या हिमोग्लोबिनचा, ऑक्सिजन कमी असलेल्या गाळात तगून राहण्यासाठीचा.

कीटकांवरून पाण्याची प्रत ठरवण्यासाठी गुणांची कोष्टकं असतात. त्यातलं बीएमडब्ल्यूपी हे ब्रिटनच्या नद्यांसाठी तयार झालेलं. त्यात बहुतेक स्टोनफ्लाय कुळांना १० गुण, लाल अळ्यांच्या कुळाला २, गांडुळांच्या जातभाईंना १. इथे तीन चुका होतात. पहिली, मुलं जीव मोजतात. गुण कुळाला असतात, एकाच कुळाचे पन्नास जीव मिळाले तरी गुण एकदाच. दुसरी, नुसत्या बेरजेची तुलना. ज्या गटाने जास्त वेळ ढवळलं त्याची बेरीज आपोआप मोठी येते, म्हणून बेरजेला कुळांच्या संख्येने भागा. तिसरी, परदेशी कोष्टक जसंच्या तसं वापरणं. आपल्या भागासाठी सुधारलेलं कोष्टक मिळत असेल तर तेच घ्या. नसेल तर आकडा एकाच नदीवरच्या दोन जागांच्या तुलनेपुरता ठेवा, 'नदी शुद्ध आहे' असा निकाल देऊ नका.

प्रवाहाचा वेग काढायला चेंडू किंवा थर्मोकोलचा तुकडा सोडला तर वाऱ्याचा वेग मोजला जातो. बहुतांश भाग पाण्यात बुडून तरंगेल अशी वस्तू हवी, संत्र्यासारखी. १० मीटरची तीन वेळा नोंद घ्या, सरासरी काढा आणि ०.८५ ने गुणा, कारण तळाशी आणि काठाशी पाणी पृष्ठभागापेक्षा हळू चालतं. तापमान वाचताना थर्मामीटर बाहेर काढला की बल्बवरचं पाणी उडताना बल्ब गार होतो आणि आकडा खाली सरकतो. दोन मिनिटं बुडवून, बुडालेला असतानाच वाचा. पाऱ्याचा थर्मामीटर मात्र नदीवर न्यायचाच नाही, अल्कोहोलचा न्या. ऑक्सिजन तपासायची बाटली पाण्याखालीच भरून पाण्याखालीच बंद करा. आत एक बुडबुडा राहिला तरी आकडा बिघडतो.

जंगलात

भिंग देऊन 'बघा' म्हटलं की मूल ते हात लांब करून धरतं, आणि दिसतं ते धूसर. दहापट भिंग डोळ्याला अगदी जवळ टेकवायचं आणि पान त्याच्याकडे आणायचं, साधारण अडीच सेंटिमीटरपर्यंत. हे वर्गातच शिकवून आणा, जंगलात पाच मिनिटं वाचतात. वापर झाला की भिंग पिशवीत. वाळलेल्या पाल्यावर उन्हात पडलेलं भिंग आग लावू शकतं.

दगड किंवा ओंडका उचलताना लांबची कड धरून आपल्याकडे उचलायची, म्हणजे खालून काही बाहेर आलं तर मध्ये दगडाची आडकाठी राहते. मुलं नेमकी जवळची कड उचलतात आणि विंचवाला सरळ आपल्या पायांकडे वाट करून देतात. दगडाखाली, ढोलीत बोटं घालायची नाहीत, काठीने हलवायचं.

पालापाचोळ्यातले जीव मोजायला २५ बाय २५ सेंटिमीटरची चौकट पुरते. चौकट टाकायची कुठे यावर सगळं अवलंबून. मुलांवर सोडलं तर जिथे बुरशी सुंदर दिसते, वाणी (अनेक पायांचा किडा) सापडतो, तिथेच ती पडते. मग 'जंगलात दर चौकटीत पाच वाणी' असा निष्कर्ष निघतो. दोन टेप काटकोनात लावा, चिठ्ठ्यांतून दोन आकडे काढा, जिथे ते मिळतात तिथे चौकट. काहीच नाही मिळालं तर शून्य लिहायचं. शून्य लिहायला मुलं (आणि शिक्षकही) फार नाखूष असतात.

झाडाचा घेर 'छातीच्या उंचीवर' घ्या असं सांगितलं की प्रत्येक मूल स्वतःच्या छातीपाशी टेप लावतं आणि एकाच झाडाचे आठ आकडे येतात. ती उंची मोठ्या माणसाच्या छातीची आहे: जमिनीपासून १.३ मीटर, काही ठिकाणी १.३७. कोणती ते ठरवा आणि तेवढ्या लांबीची काठी प्रत्येक गटाला द्या. उतारावर वरच्या बाजूने मोजा. बुंध्याला फळीसारखी मुळं असतील तर ती संपतात त्याच्या वर टेप लावा.

पक्षी दिसत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा आपणच. गट आला की जंगल गप्प होतं आणि पूर्ववत व्हायला दहाएक मिनिटं लागतात. लहान मुलांना दहा मिनिटं एकत्र गप्प बसवणं जमत नाही, एकमेकांपासून पाच-सहा मीटर अंतरावर, मोठ्यांच्या नजरेत, एकेकटं बसवलं तर जमतं. सुरुवात फक्त तीन मिनिटांपासून करा. डोळे मिटून जितके आवाज येतील तितकी बोटं मिटायची, एवढंच काम. पक्षी जवळ यावेत म्हणून मोबाइलवर त्यांचा आवाज वाजवणं बंद करा. तो पक्षी खाणं, पिल्लं सोडून न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला शोधत बसतो.

प्रश्नपत्रिकेसारखी चार पानी कार्यपत्रिका हीही एक चूक. मूल नदीकडे पाठ करून रकाने भरतं. एका जागेला एक प्रश्न, एक चित्र पुरे.

ॲप आणि बेडूक

फोटोवरून नाव सांगणाऱ्या ॲपचं पहिलं उत्तर म्हणजे अंदाज. त्यावर थांबू नका, 'कशावरून?' विचारा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर नोंद टाकताना तारीख, जागा आणि शाळेच्या आवारात लावलेलं झाड असेल तर 'लागवड केलेलं' ही खूण विसरू नये. मुलांचे चेहरे फोटोत नकोत. घरटं किंवा दुर्मीळ प्राण्याची नेमकी जागा जाहीर करू नका.

बेडूक हातात घ्यायचाच नाही हे उत्तम. घ्यावाच लागला तर हात नदीच्या पाण्याने ओले करून. त्याची कातडी श्वसनाचंही काम करते, हाताला लावलेलं डासांचं मलम किंवा सनस्क्रीन ती शोषून घेते. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी आणि परक्या वनस्पतींचे तुकडे एका नदीतून दुसऱ्या नदीत आपल्याच बुटांवरून जातात. बूट आणि जाळ्या घासून धुवा, नंतर पूर्ण वाळवा, वाळल्यावर आणखी ४८ तास तशाच ठेवा. एका दिवसात दोन नद्या करायच्या असतील तर सामानाचे दोन संच लागतात.

परतल्यावर

पाण्यात उतरण्याआधी जखमांवर पाणी न शिरणारी पट्टी लावलेली असावी. परतल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. गुडघ्यामागे, कमरेला, कानामागे गोचीड तपासा. दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. रॉकेल, जळती काडी काही नको. साप चावल्याची शंका आली तर तो अवयव हलू न देता मुलाला थेट दवाखान्यात न्या. करकचून बांधणं, चिरा देणं, चोखणं, तिन्ही वर्ज्य.

पालकांना पाठवायच्या चिठ्ठीत एक ओळ हमखास राहून जाते. प्राण्यांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लक्षणं २ ते ३० दिवसांनीही दिसू शकतात. तेवढ्या काळात ताप, अंगदुखी किंवा डोळे लाल झाले तर मूल नदीत उतरलं होतं हे डॉक्टरांना सांगा, तारखेसह.