दिवाणी दाव्यात नुसत्याच तारखा पडत असतील तर काय करावे

आमच्या यावल-रावेरकडे केळीच्या बागेचा बांध कोरला गेला की आधी तोंडातोंडी होते, मग मोजणी येते आणि शेवटी दिवाणी दावा. माझ्या मामांचाही असाच दावा चालला होता. कोर्टातून आले की ते एवढंच सांगायचे, "पुढली तारीख पडनी भाऊ." तारीख कुणी मागितली आणि कशासाठी, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वेळेत न्याय मागण्याचा हक्क तिथेच हातातून निसटतो.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून दावा सोडू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नसते. धडगाव-अक्कलकुव्यातल्या आदिवासी कुटुंबांनी हे जरूर लक्षात ठेवावं. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा.

वकिलाकडून दाव्याचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक दाव्याला मिळणारा ओळख क्रमांक, घ्या. तो सोळा अंक-अक्षरांचा असतो. कोर्टांच्या ईकोर्ट्स या अ‍ॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि दावा कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसतं.

आता मुख्य काम. नक्कल विभागात अर्ज देऊन रोजनाम्याची नक्कल काढा. प्रत्येक तारखेला काय घडलं ते त्यात असतं. मामांचा रोजनामा आम्ही ओसरीवर बसून वाचला. 'वादी हजर. प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर.' पुढच्या तारखेलाही तेच, त्याच्या पुढेही तेच. मामांनी त्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या आणि तो कागद वकिलांसमोर ठेवला.

वकिलांशी बोलताना दोन गोष्टी विचारा: प्रतिवादीची लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं उत्तर, आली का, आणि त्याला मुदत किती वेळा दिली गेली. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत, फार तर 90 दिवसांत प्रतिवादीने लेखी कैफियत द्यायची असते. सबळ कारण असेल तर कोर्ट जास्त मुदत देऊ शकतं, पण मागितली की मिळाली असं नाही. कैफियत आलीच नसेल तर तिच्याविना दावा पुढे चालवावा, असा अर्ज देता येतो. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी, म्हणजे तारीख पुढे ढकलून, देऊ नये आणि तहकुबीचा खर्च त्याच्यावर बसवावा, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 मध्ये आहे. म्हणून मुदतीच्या अर्जावर तोंडी 'हरकत आहे' म्हणून भागत नाही, हरकत लेखी द्यायला सांगा. मामांच्या वकिलांनी तशी दिली, तेव्हा कोर्टाने खर्च बसवून शेवटची मुदत दिली.

वादी म्हातारा किंवा आजारी असेल तर वयाचा किंवा दवाखान्याचा दाखला जोडून लवकर सुनावणीचा अर्ज करा. तरीही दावा हलत नसेल, तर ठरावीक मुदतीत निकाल द्यावा असा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे मागता येतो. ते खर्चाचं काम आहे, म्हणून ते शेवटी.

आपली तारीख मात्र चुकवू नका. एस.टी. चुकली तर लगेच वकिलांना फोन करा. गैरहजेरीत दावा निकाली निघाला, तर तो पुन्हा सुरू करण्याचा अर्ज 30 दिवसांच्या आत द्यावा लागतो, गैरहजेरीच्या कारणाच्या पुराव्यासह.