पिल्लू प्युअर का क्रॉस? परसातल्या कोंबड्या ओळखताना या चुका टाळा

वडगावच्या बाजारात घ्या नाहीतर गल्लीत पाटी घेऊन आलेल्याकडनं घ्या, "एकदम प्युअर हाय" हे वाक्य पिल्लासोबत फुकट मिळतंय. मग घरी आणून दोन महिने झाले की शेजारचा येऊन बघतो आणि म्हणतो हे तर क्रॉस आहे, की लागली घरात भांडणं. पिल्लाकडं बघून ते क्रॉस आहे हे कधीकधी पक्कं सांगता येतं, पण प्युअर आहे हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, त्याला आईबाप माहिती पाहिजेत. आणि नुसती घरच्यापुरती अंडी पाहिजे असतील तर ही डोकेफोड करूच नका, क्रॉस कोंबडी चांगली काटक असते. पिल्लं विकायची असतील किंवा जात राखायची असेल तरच पुढचं वाचा.

रंगावरनं घाईत निकाल देणं

अंड्यातनं निघाल्यावरची लव, दीड-दोन महिन्यात भरणारी पहिली पिसं आणि पाच-सहा महिन्यांनी येणारा खरा रंग, या तिन्हीचा मेळ बसेलच असं नाही. ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प या काळ्या विलायती जातीचं अस्सल पिल्लू पण पोटाखाली पिवळट-पांढरं असतंय आणि पंखाच्या टोकाला पांढरी पिसं येत्यात, ती बघून लोक विकणाऱ्याशी भांडायला जातात आणि काही महिन्यात तीच पिसं झडून कोंबडी काळीभोर होते. त्यापेक्षा तळवे बघा. ऑस्ट्रॉलॉर्पचे पाय काळपट पण तळवे पांढरट असतात, पिवळे निघाले तर कुठंतरी भेसळ झालीय. पण उलटं धरू नका, पिवळी कातडी हा मागं पडणारा गुण आहे, पहिल्या क्रॉसमध्ये तो लपून बसतो, म्हणजे तळवा पांढरा आणि पक्षी क्रॉस असं पण होतंय.

कडकनाथ म्हणजे नुसतं काळं समजणं

यात सगळ्यात जास्त लोक फसतात. 2019 ला आपल्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कडकनाथच्या स्कीममध्ये लोकांचे पैसे बुडाले तो विषय वेगळा, पण तेव्हापासून नाव सगळ्यांना माहिती झालं आणि पक्षी मात्र कमी जणांना कळतो. काळी पिसं गावरान कोंबडीला पण असतात. कडकनाथचा काळेपणा कातडीत, जिभेत, तुऱ्यात, पायात मुरलेला असतो, म्हणून चोच उघडून जीभ बघा आणि पंखाखालची पिसं बाजूला सारून कातडी बघा. एका दिवसाच्या पिल्लाच्या पाठीवर वाकडेतिकडे गडद पट्टे दिसले तर घाबरू नका, ते असतातच. मोठेपणी मानेवर सोनेरी झाक असलेले कडकनाथ पण अस्सल असतात. अंडी काळी नसतात, फिकट तपकिरी असतात, आणि रक्त लालच. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा जीआय टॅग, म्हणजे माल त्याच भागातला असल्याचा सरकारी शिक्का, 2018 ला मिळाला तो कडकनाथच्या मांसाला, तुम्ही घेतलेल्या पिल्लाचा तो दाखला नव्हे.

आता खरी मेख. कडकनाथ कोंबडा आणि पांढऱ्या-पिवळ्या पायाची साधी कोंबडी, यांच्या पिल्लांत तलंगा (तरुण माद्या) बऱ्याचदा कातडीनं काळ्या निघतात आणि नर फिकट. काळेपणा दाबणारा जीन लिंगाशी जोडलेला असतोय, आई तो फक्त पोरांना देते, पोरींना नाही. त्यामुळं कोण नुसत्याच काळ्याभोर तलंगा विकायला बसला असेल तर त्याला विचारा, बाबा ह्यांचे भाऊ कुठं आहेत?

असीलचा तुरा न बघणं

असील म्हणजे झुंजीच्या कोंबड्यांची जात, तिचा तुरा आखूड, डोक्याला चिकटलेला, मटारच्या शेंगेसारखा. करवतीसारखा उभा एकेरी तुरा आला की विषय संपला, दुसरं रक्त आहे. बसका तुरा आला तर मात्र लगेच खूश होऊ नका, पहिल्या क्रॉसला पण जवळजवळ तसाच येतो, फक्त जरा मोठा आणि चोचीखाली लोंबणारं कातडं जास्त.

सगळी एकसारखी म्हणजे प्युअर

उलट आहे. दोन वेगळ्या प्युअर जातींचा पहिला क्रॉस लई एकसारखा निघतो, त्याची पुढची पिढी विस्कटते. गिरिराज, वनराज हे सुधारित पक्षी असेच संकर करून तयार केलेले, त्यांची अंडी घरात उबवली की पिल्लं आईसारखीच निघतील याचा भरवसा नाही. गावरान म्हणजे तर एक जात नाहीच, त्यात प्युअर काय शोधणार.

कोंबडा बदलला आणि लगेच अंडी घातली

ही चूक ओळखण्यातली नव्हे, पण बाकीचा घोळ इथनंच सुरू होतो. कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतंय. गल्लीतला भटका कोंबडा काल हाकलला आणि आज खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली तर त्यात त्याचीच पिल्लं निघणार, एकाच कोंबडीच्या अंड्यात दोन बापांची पण निघतात. एक कोंबडा आणि त्याच्या जातीच्या चार-पाच कोंबड्या वेगळ्या खुराड्यात कोंडा, चांगले तीन-चार आठवडे त्यातली अंडी खाऊन टाका, मग पुढची अंडी पेन्सिलनं तारीख घालून उबवायला ठेवा.

शंकेचे नर राखून ठेवत बसू नका, आषाढात कोल्हापूरच्या टेंबलाईच्या जत्रेला गिऱ्हाईक घरी येतंय. राखायच्या पिल्लांच्या पायात रंगीत रिंग घाला आणि वाढत्या वयात ती दर आठवड्याला तपासा, घट्ट झाली की मोठी घाला, नाहीतर पायात रुतून जखम होते.