वयोगटांनुसार आजारपणाची तुलना करताना या चुका टाळा

‘गेल्या वर्षभरात तुम्ही किती वेळा आजारी पडलात?’ या प्रश्नाची उत्तरं जमली की पुष्कळ जण थेट पी-मूल्य (प्रत्यक्षात फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) काढायला बसतात. पण खरा घोळ बहुतेक वेळा त्याआधीच, तक्ता भरताना झालेला असतो.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे काय-स्क्वेअर चाचणीच्या (गटांमधला फरक योगायोगापलीकडचा आहे का, हे तपासणाऱ्या) तक्त्यात टक्केवारी भरणं. समजा, तरुणांपैकी २० टक्के आणि वृद्धांपैकी ३० टक्के आजारी पडले. प्रत्येक गटात ५० माणसं असतील तर काय-स्क्वेअरची किंमत १.३३ येते, ५०० असतील तर १३.३३. पाच टक्के (०.०५) सार्थकता पातळीची सीमा इथे ३.८४ आहे, किंमत तिच्यावर गेली तरच फरक ‘सार्थ’ म्हणतात, म्हणजे निष्कर्षच उलटतो. टक्के भरले की प्रत्येक गटात शंभरच माणसं होती असं धरलं जातं आणि उत्तर २.६७ येतं, जे दोन्हीपैकी कुणाचंच नाही. तक्त्यात माणसांची संख्याच भरा. आजारी न पडलेल्यांचा रकानाही हवाच.

एकच माणूस सहा वेळा आजारी पडला, म्हणून त्याला सहा वेळा मोजू नका. ही चाचणी प्रत्येक नोंद स्वतंत्र मानते. ‘एकदाही नाही’, ‘१-२ वेळा’, ‘३ किंवा जास्त’ असे वर्ग करा आणि प्रत्येकाला एकाच चौकटीत बसवा. वर्ग न पाडता आकडेच तोलायचे असतील तर क्रुस्कल-वॉलिस चाचणी (आकड्यांचे क्रम लावून गटांची तुलना करणारी) वापरा.

एखाद्या चौकटीत अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी आली (अपेक्षित, म्हणजे वयाचा काही संबंध नसता तर तिथे आली असती ती; प्रत्यक्ष नव्हे, इथे फार जण फसतात) तर शेजारचे वयोगट जोडा किंवा लहान संख्यांनाही चालणारी फिशरची अचूक चाचणी करा. मात्र पी-मूल्य पाहून वयाच्या सीमा सरकवणं मला साफ नामंजूर आहे. त्या आधीच ठरवा.

चार वयोगटांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडी ०.०५ वर तपासली, तर प्रत्यक्षात काहीच फरक नसताना निदान एक ‘सार्थ’ फरक दिसण्याची शक्यता, जोड्या स्वतंत्र धरल्यास, सुमारे २६ टक्के होते. आधी सगळ्या गटांची एकत्र चाचणी करा. मग जोड्यांसाठी बॉनफेरोनी पद्धतीप्रमाणे ०.०५ ला ६ ने भागा आणि येईल ती प्रत्येक जोडीची सीमा धरा.

आणि पी-मूल्य मोठं आलं म्हणून ‘वयाचा आजारपणाशी संबंध नाही’ असं लिहू नका. वरच्या ५०-५० च्या उदाहरणात फरकाचा ९५ टक्के विश्वास अंतराल (खरा फरक किती असू शकेल याचा अंदाजे पट्टा) साधारण उणे ७ ते अधिक २७ टक्के-बिंदू इतका पसरलेला आहे, म्हणजे मोठा फरकही नाकारता येत नाही. अहवालात तोही छापा.