फिरत्या कॅमेऱ्याला वीज कशी पोचवावी

गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परतले आणि घराला कुलूप लागले की पुढचे कित्येक महिने घराकडे आणि वाडीकडे बघायला कोणी नसते, म्हणून अलीकडे कोकणात बऱ्याच घरांवर फिरता कॅमेरा, म्हणजे बाजारात ज्याला पीटीझेड म्हणतात तो, बसवला जातो. थोड्याच दिवसांत तो रात्री मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागतो आणि सगळा दोष कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो. पुष्कळदा कॅमेरा ठणठणीत असतो, त्याच्यापर्यंत पोचणारी वीज मात्र अपुरी असते.

एका जागी रोखलेल्या साध्या कॅमेऱ्याचे काम बहुधा पाच-दहा वॅटमध्ये भागते. फिरत्या कॅमेऱ्यात आडवी आणि उभी हालचाल करणाऱ्या दोन मोटारी असतात, झूमसाठी भिंग सरकवणारी आणखी एक असते आणि अंधारात पाहण्यासाठी इन्फ्रारेड दिवेही असतात. दिवसा हे दिवे बंद असल्यामुळे कमी विजेवरही निभावून जाते. रात्री दिवे लागलेले असताना मोटार सुरू झाली की विजेची मागणी एकदम वाढते, व्होल्टेज खाली बसते आणि कॅमेरा नव्याने सुरू होतो. म्हणून कॅमेऱ्यावरील पट्टीवर छापलेले कमाल वॅट हाच हिशेबाचा पाया धरावा.

आता वायरचे गणित पाहू. समजा, कॅमेरा १२ व्होल्ट डीसीवर चालतो, कमाल २ अँपिअर घेतो आणि अडॅप्टरपासून ३० मीटर लांब, वाडीच्या गडग्याजवळच्या खांबावर आहे. वीज जाते आणि परत येते, त्यामुळे तांब्याची लांबी ६० मीटर धरावी लागते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे २६ ओहम असतो. म्हणजे ६० मीटरला साधारण दीड ओहम, आणि २ अँपिअरला तीन व्होल्टची घट. कॅमेऱ्याला मिळाले जेमतेम नऊ व्होल्ट! हीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट सुमारे एका व्होल्टवर येते. त्याहून सोपा उपाय म्हणजे अडॅप्टर कॅमेऱ्याजवळच्या जलरोधक पेटीत ठेवून तिथपर्यंत २३० व्होल्ट नेणे. पण ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि त्या ओळीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा.

नवीन काम असेल तर माझे मत सरळ पीओईच्या (पॉवर ओव्हर इथरनेट) बाजूने आहे. यात चित्र आणि वीज एकाच नेटवर्क केबलमधून जातात, आणि व्होल्टेज ५० च्या आसपास असल्याने तेवढ्याच वॅटसाठी अँपिअर कमी लागतात व घटही कमी होते. इथे फसगत होते ती पीओईची प्रत निवडताना. २००३ च्या ‘एएफ’ मानकात कॅमेऱ्याला जेमतेम १३ वॅट मिळतात. २००९ च्या ‘एटी’ मध्ये २५.५ वॅट, २०१८ च्या ‘बीटी’ मध्ये प्रकारानुसार ५१ किंवा ७१ वॅट. कॅमेऱ्याला ‘एटी’ लागत असताना ‘एएफ’चा स्विच (नेटवर्क केबल जोडायची, त्यांना वीज देणारी पेटी) लावला तर कॅमेरा सुरू होईल, चित्र दाखवील आणि फिरवताच मान टाकील. स्विचची एकूण क्षमताही पाहावी, कारण चार पोर्टचा ६० वॅटचा स्विच २५ वॅटचे तीन कॅमेरे पेलू शकत नाही. केबल शुद्ध तांब्याची कॅट-६ घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल पीओईसाठी घेऊच नये. तिचा रोध जास्त असतो आणि खाऱ्या हवेत तिची टोके लवकर खराब होतात. एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर आहे.

जुना ॲनालॉग कॅमेरा असेल तर तो बहुधा २४ व्होल्ट एसीवर चालतो आणि त्याला फिरवण्याचे आदेश आरएस-४८५ नावाच्या जोडणीच्या वेगळ्या दोन तारांतून जातात. या तारांची ‘ए’ आणि ‘बी’ टोके उलट लागली, किंवा कॅमेऱ्यावरचा पत्ता, प्रोटोकॉल (आदेशांची भाषा) आणि बॉड दर (आदेश पाठवण्याचा वेग) रेकॉर्डरशी जुळले नाहीत, तर चित्र दिसते पण कॅमेरा जागचा हलत नाही. ओळीच्या टोकाला १२० ओहमचा रोध लावावा.

आपल्याकडची खरी परीक्षा पाऊस, खारा वारा आणि आकाशातली वीज यांची असते. केबल कॅमेऱ्यात किंवा पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोका द्यावा, म्हणजे पागोळ्यांचे पाणी तिथूनच गळून जाईल; पेटीची छिद्रे खालच्या बाजूला ठेवून त्यांत केबल ग्लँड (केबलभोवती घट्ट आवळणारे बूच) बसवावी, नाहीतर पाण्याआधी मुंग्या आणि पाली घर करतात. समुद्राजवळ स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. जांभ्याच्या चिऱ्यात प्लास्टिकचा गट्टू लवकर सैल होतो, म्हणून जड कॅमेऱ्यासाठी आरपार बोल्ट आणि मागे पत्र्याची पट्टी द्यावी. माडावर कॅमेरा बांधण्याचा मोह टाळावा: माड डोलतो, चित्रही डोलते. आणि उघडी केबल दिसली की वानर तिला लोंबकळणारच, तेव्हा ती पाइपातूनच न्यावी.

मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरात विजा कडाडतात, तेव्हा उंच खांबावरचा कॅमेरा आधी धोक्यात येतो. केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारे) लावावेत. पण अर्थिंग नीट नसेल तर ते शोभेचेच ठरतात. उन्हाळ्यात कातळ कोरडा पडून अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून खड्डा न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ, केळीच्या बुंध्याशी, जिथे ओल टिकते तिथे घ्यावा. कॅमेरा दुसऱ्या इमारतीवर असून तिची अर्थिंग वेगळी असेल, तर मधला टप्पा फायबरने जोडावा; काचेच्या तंतूतून विजेचा झटका जात नाही.

वीज जाणे इथे नेहमीचेच आहे, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागातली कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती. तेवढ्या काळाची तरतूद घरगुती बॅटरीने होणार नाही, रात्रीची मात्र होते. कॅमेरा, रेकॉर्डर आणि राउटर मिळून ५० वॅट धरले, तर १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरीची निम्मी क्षमता वापरून, इन्व्हर्टरमधली तूट वजा जाता, साधारण चौदा तास निघतात.

कॅमेरा वर चढवण्यापूर्वी पडवीत टेबलावर, प्रत्यक्ष लागणारी पूर्ण लांबीची केबल जोडून, तो चालवून पाहावा. वीज मिळताच तो स्वतःभोवती फिरून तपासणी करतो; ती मध्येच तुटून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली तर वीज कमी पडते आहे. मग खोलीत अंधार करून दिवे लागू द्यावेत, कॅमेरा फिरवत ठेवावा आणि १२ व्होल्टचा असेल तर त्याच्या टोकाशी मल्टिमीटर लावावा. ११ च्या खाली काटा गेला तर शिडी बाजूला ठेवून आधी वायर बदलावी.